घर आवरू नका

वकिली सुरू केली तेव्हा मी सगळंच करायचे. भाडेकरार, परत आलेल्या चेकचे खटले, संमतीने घटस्फोट, सोसायटीत पार्किंगवरून झालेली हाणामारी. मुलुंडला एका झेरॉक्सच्या दुकानावर माझी खोली होती. खाली झेरॉक्स काढायला आलेला माणूस पाटी बघून जिना चढायचा, एवढीच माझी जाहिरात. भागत होतं. मग एकेक काम हातातून जायला लागलं. भाडेकरार एजंटांनी नेले. अंगठ्याचं मशीन बॅगेत घालून ते लोकांच्या घरी जातात आणि चहा पिऊन होईपर्यंत करार नोंदवून देतात. नोटिसा लोक मोबाईलवरच लिहून घ्यायला लागले. एक गृहस्थ माझ्यासमोर बसून, मी सांगितलेलं प्रत्येक वाक्य फोनमध्ये टाकून तपासत होते. शेवटी म्हणाले, मॅडम, हा जरा वेगळं सांगतोय. मी म्हटलं, मग त्यालाच उभं करा कोर्टात. ते गेले ते परत आले नाहीत. तोंडामुळे मी बरीच कामं घालवली आहेत.

त्या दिवसांत एका ज्येष्ठ वकिलांनी मला कॅन्टीनमध्ये बसवून समजावलं होतं, की सगळं करणाऱ्या वकिलाला यापुढे कोणी विचारणार नाही, एखादा विषय धर आणि त्यात मुरून जा. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. विषय धर म्हणे. विषय काय बाजारात मांडून ठेवलेत?

पण विषय आपण होऊन आला. घाटकोपरची एक बाई रडत रडत जिना चढून आली. तिचा नवरा न्हाणीघरात कोसळला होता, मेंदूत रक्त साचलं होतं, आणि आता तो घरी पलंगावर होता. डोळे उघडे, नाकात नळी, भान नाही. हॉस्पिटलला भरायचे ते पैसे त्याच्याच खात्यात अडकलेले. बँकवाले म्हणत होते, साहेबांना घेऊन या, नाहीतर साहेबांची सही आणा. ती मला विचारत होती, सही कुठून आणू? मी तिला दोन दिवसांनी या म्हटलं आणि पुस्तकं काढून बसले. अठराच्या आतल्या मुलाचा पालक कोण, याला कायदा आहे. मनोरुग्णासाठी वेगळा कायदा आहे. पण जिवंत आहे आणि तरी इथे नाही, अशा माणसासाठी सरळ कुठे काही लिहिलेलं सापडेना. त्यासाठी हायकोर्टातच जावं लागतं, बायकोला त्याची पालक नेमा म्हणून. आम्ही उपनगरातले वकील त्या मोठ्या कोर्टाला जरा वचकूनच असतो. काळा कोट तोच, पण तिथे गेल्यावर तो उसना आणल्यासारखा वाटतो. तरी गेले. खूप हेलपाटे घातले, बोलणी खाल्ली, आणि आदेश मिळवला.

मग हॉस्पिटलातल्या समाजसेविका माझा नंबर देऊ लागल्या. एका घरातून दुसऱ्या घरात नाव गेलं. बोरिवलीपासून चेंबूरपर्यंत कोणाच्या घरी असं काही झालं, की कोणीतरी माझा पत्ता सांगायचंच. कोर्टातली मंडळी मला कोमावाल्या मॅडम म्हणायची. मी पण हसायचे. एवढ्या वर्षांनी मला माझं काम सापडलं होतं आणि त्यात मी चांगली होते. हे मी सरळ सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच आहे.

बेशुद्ध माणसाचं काम त्या मानाने सोपं. तो विरोधात बोलत नाही. अवघड असतं ते विसरत चाललेल्या माणसाचं. तो हिंडतो, जेवतो, हसतो आणि कोणीही कागद पुढे केला तर झोकात सही करतो. डॉक्टरांचा अहवाल धड इकडे ना धड तिकडे असला, तर कोर्ट एखादा अधिकारी घरी पाठवतं. त्याने जागेवर जाऊन माणसाला बघायचं, त्याच्याशी बोलायचं आणि कोर्टाला कळवायचं, की याला आपलं भलंबुरं समजतं की नाही.

आणि इथेच आपली माणसं घोळ घालतात. साहेब घरी येणार म्हटलं की ती घर आवरायला घेतात. चेंबूरच्या एका कुटुंबाने आजोबांची दाढी करून, जुना सफारी इस्त्री करून, त्यांना अत्तरबित्तर लावून सोफ्यावर बसवलं होतं. आदल्या दिवशी नातीने त्यांच्याकडून घरातल्या सगळ्यांची नावं पाढ्यांसारखी घोटून घेतली होती. अधिकारी आले. आजोबा उठून उभे राहिले, या म्हणाले, पंखा वाढवायला सांगितला आणि सगळी उत्तरं दिली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मुलालाच विचारत होते, आपण कोण? पण अहवाल गेला होता. अर्ज महिनोन्‌महिने लोंबकळला. कोर्टाच्या व्हरांड्यात तो मुलगा मला म्हणाला, "काय बोलले हो बाबा त्या दिवशी मॅडम, एकदम झकास." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आपण केस घालवली हे त्याच्या गावीही नव्हतं, किंवा होतं आणि त्याला त्याची पर्वा नव्हती.

डॉक्टरांनी मला नंतर समजावलं, की वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेलं असतं ते सगळ्यात शेवटी जातं. आलेल्याला बसा म्हणणं, पाणी विचारणं, हे माणूस मुलाबाळांची नावं विसरल्यावरही करत राहतो. परका माणूस समोर आला की तो तेवढ्यापुरता सावरून बसतो.

तेव्हापासून मी प्रत्येक कुटुंबाला समोर बसवून बजावायला लागले. घर आवरू नका. खोटं काही करायचं नाही, पण रोज असतं तसंच दिसू द्या. दाराला बाहेरून कडी घालत असाल तर ती असू दे. चादर ओली होत असेल तर ती घाईघाईने बदलू नका. त्यांना उत्तर येत नसेल तर तुम्ही ओठ हलवू नका. लोक मान डोलावायचे. काही जणी माझ्याकडे अशा बघायच्या, की मी त्यांच्या नवऱ्याला उघडा करून चौकात उभा करायला सांगतेय. शेवटी मी विचारायचे, तुम्हाला ओळखतात का? आजवर एकाही घरात मला नाही असं उत्तर मिळालेलं नाही. बाकी काही नाही हो, पण आम्हाला बरोबर ओळखतात, असंच सगळे म्हणतात. मी पुढचा प्रश्न विचारते.

हे काम करताना मला रात्री झोप लागत नाही असं काही नव्हतं. लागायची. पण कधीकधी ऑर्डर हातात घेऊन बाहेर पडताना वाटायचं, हा कसला विजय? माणूस जितका कमी उरलेला दिसेल तितकं माझं काम सोपं. तो एखादं उत्तर बरोबर देतो तेव्हा त्याच्या घरचे हरखतात आणि मी मनातल्या मनात चरफडते. मध्यंतरी काही तरुण वकिलांनी हेच काम ठरावीक दरात, ऑनलाईन फॉर्म भरून करून देतो म्हणून जाहिराती सुरू केल्या. मी त्यांना नावं ठेवली. घरी जाऊन माणूस न बघता अर्ज करतात म्हटलं. घरी जाऊन माणूस बघणं हीच माझी खासियत, असं मी तेव्हा चारचौघांत सांगत होते.

आणि विक्रोळीला माझ्याच घरी एक माणूस होता, त्याला मी बघत नव्हते.

बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात होते. कामगार किती वाजता आत आले, किती वाजता बाहेर पडले, हे बघण्यात त्यांचा जन्म गेला. मालवणकडून आलेला माणूस, बोलायला गोड आणि शिस्तीला कडक. इस्त्रीच्या शर्टाशिवाय ते कोपऱ्यावर दूध आणायलाही गेले नाहीत. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. मी एकुलती एक. रविवारी जायचे, दुपारचं जेवण करून निघायचे. बाबा तेच तेच विचारायला लागले तेव्हा मी म्हटलं, वय झालं. दुधाची पिशवी कपाटात ठेवली तेव्हा म्हटलं, असतात विचारात. एका सकाळी ते शर्ट-पॅन्ट घालून कंपनीच्या गेटवर जाऊन उभे राहिले. वॉचमनने त्यांना खुर्ची दिली आणि खिशातला नंबर बघून आईला फोन केला. त्या दिवशी आई मला म्हणाली, "जगाच्या घरी जाऊन जे सांगतेस, ते आपल्या घरी कधी सांगणार आहेस गं?"

बाबांना आत थोपवायचं तर दाराला कडी घालावी लागायची आणि बाहेर न्यायचं तर तीन मजले उतरावे लागायचे. इमारतीला लिफ्ट नाही, आईचे गुडघे गेलेले. एकदा जिन्यात बाबा मध्येच अडून बसले तेव्हा ती त्यांच्याशेजारी पायरीवर तासभर बसून राहिली, कोणी येईपर्यंत. ते घर विकायचं आणि माझ्या मुलुंडच्या इमारतीत, लिफ्टच्या समोर, दोघांना घर घ्यायचं, असं आम्ही ठरवलं. आईने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं. म्हणाली, मला सपाट जमिनीवर आणून ठेव बाई.

घर एकट्या बाबांच्या नावावर होतं. गिऱ्हाईक मिळालं आणि आम्ही बाबांना सही करायला नोंदणी कार्यालयात नेलं. तिथल्या साहेबांनी सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, काका, राजीखुशीने विकताय ना घर? बाबा शांतपणे म्हणाले, "नाही. घर विकायचं नाही." का, असं साहेबांनी विचारलं, मी विचारलं, आईने विचारलं. त्यांनी कोणालाच कारण सांगितलं नाही. नाही म्हणजे नाही. गिऱ्हाईक निघून गेलं. मी भयंकर चिडले होते. आणि खरं सांगायचं तर आतून थोडी सुखावलेही होते. इतक्या ठामपणे नाही म्हणणारा माणूस म्हणजे माझे बाबा अजून आहेत, असं मला वाटलं.

पण आईला त्या तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायचं तर आता माझाच रस्ता उरला होता. आईला बाबांची पालक नेमा, असा अर्ज. वकील म्हणून मला तो करता येईना, मी घरचीच. कोर्टातल्या माझ्या मैत्रिणीने तो केला. माहिती लिहून घेताना ती माझ्याच प्रश्नांच्या क्रमाने गेली, मीच तिला तो शिकवला होता. शेवटी तिने विचारलं, तुला ओळखतात का गं? मी म्हटलं, ओळखतात. तिने पुढचा प्रश्न विचारला.

खरं म्हणजे बाबा बरेच दिवस मला नावाने हाक मारत नव्हते. आलीस का, बस, जेवलीस का, हेसुद्धा कमी होत गेलं होतं. मी गेले की ते हसायचे आणि आईकडे बघायचे. दुसऱ्या कोणाच्या घरी हे दिसलं असतं तर मी दारातच ओळखलं असतं.

सरकारी डॉक्टरांचा अहवाल आला. कधी भान असतं, कधी नसतं. म्हणजे आता सगळं घरी येणाऱ्या अधिकाऱ्यावर होतं. मी आईला फोनवर तेच सांगितलं, जे सगळ्यांना सांगते. तीनदा सांगितलं. ती हो हो म्हणाली.

त्या सकाळी मी विक्रोळीला पोचले तर घर लखलखत होतं. टेबलावर धुतलेलं कापड, फडताळातले चांगले कप बाहेर काढलेले, दाराची बाहेरची कडी स्क्रू काढून चक्क नाहीशी केलेली. बाबा गुळगुळीत दाढी करून, निळ्या रेघांचा कडक शर्ट घालून, खिशाला पेन लावून खुर्चीत बसले होते. मी आईला स्वयंपाकघरात ओढलं आणि दबक्या आवाजात बोल बोल बोलले. ती पदर खोचून पोह्यांवर खोबरं घालत होती.

"परक्या माणसापुढे त्यांना गबाळं बसवू?" ती म्हणाली. "तुझी वकिली तुझ्या ऑफिसात कर. हे माझं घर आहे."

तिला खाली यायचं होतं, त्यासाठी बाबा बाद ठरायला हवे होते, आणि ते बाद ठरू नयेत म्हणून ती पहाटेपासून राबत होती. मी बाहेर येऊन बाबांकडे पाहिलं तर ते इतके देखणे दिसत होते, की माझाही राग गेला.

अधिकारी आले, बरोबर माझी मैत्रीण. ती दाराशी मोड्यावर बसली. बाबा लगेच उठले. या, बसा म्हणाले, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि समोर बसत विचारलं, "तुमचो गाव खंयचो?" अधिकारी निघाले कणकवलीकडचे. मग काय. कणकवलीचा आठवडी बाजार, तिथली मासळी, कोणत्या घाटाने गाडी जायची, बाबा न अडखळता बोलत होते. आई पोहे घेऊन आली आणि अभिमानाने माझ्याकडे बघत उभी राहिली.

मग अधिकाऱ्यांनी कामाचं विचारायला सुरुवात केली. नाव विचारलं, बाबांनी वडिलांच्या नावासकट सांगितलं. काम काय करत होता, तर टाइम ऑफिसात, आणि उशिरा येणारे कामगार कशा थापा मारायचे तेही सांगितलं. घर कोणाचं? माझं, कंपनीच्या कर्जातून घेतलेलं. या कोण? ही बायको माझी, पोहे छान करते. आज वार कोणता? बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, सुट्टीच असणार, नाहीतर मी घरी कसा? अधिकारी हसले. त्यांनी कागदावर फारसं काही लिहिलं नव्हतं.

माझी काय अवस्था झाली होती ते कसं सांगू? एकेका बरोबर उत्तरासरशी आई त्या तिसऱ्या मजल्यावर आणखी पक्की अडकत होती. मला ते दिसत होतं. आणि तरी मला वाटत होतं, बाबा, सोडू नका, सांगा, सगळं बरोबर सांगा. चेंबूरचा तो मुलगा व्हरांड्यात का रडत होता, ते मला आत्ता कळलं. अर्ज जाऊ दे खड्ड्यात, असं वाटलं. मी आईला पाठीवर घेऊन तीन मजले उतरवीन.

अधिकाऱ्यांनी पेनाने माझ्याकडे खूण केली. "आणि या कोण?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नीट, वेळ घेऊन, माणसाचा मान राखून पाहिलं. माझे ओठ हलले असतील. हलले नसतील असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

"या वकीलबाई," बाबा म्हणाले. "मोठ्या कोर्टात जातात. येतात अधूनमधून आमच्याकडे. स्वभावाने चांगल्या आहेत."

"तुमचं काही नातं?"

"नाही हो, नातं कसलं." आणि मग अधिकाऱ्यांकडे जरा झुकून, गावच्या माणसाला विश्वासात घेऊन सांगावं तसं ते म्हणाले, "माझी मुलगी पण वकीलच आहे. तिला वेळ मिळत नाही. म्हणून तर मी बायकोला घर विकू देत नाही. पोरगी आली आणि आम्ही इथे नसलो तर ती शोधणार कुठे?"

अधिकारी आता लिहायला लागले. आई बशा न उचलताच आत गेली. मैत्रीण जमिनीकडे बघत होती. अर्ज मंजूर होणार हे कळायला त्या खोलीत कोणी जाणकार असण्याची गरज नव्हती.

बाबा अजून माझ्याकडेच बघत होते, काळजीत पडल्यासारखे. मी म्हटलं, "तुम्ही चिंता करू नका. नवा पत्ता मी तिला कळवीन."

"नक्की कळवाल ना? उपकार होतील तुमचे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी मला हात जोडले.